चाईवरचे लेप : गुंजेपासून डायफेनसिप्रोनपर्यंत

#धागा
ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्यात डोक्यावर रुपयाएवढे गुळगुळीत टक्कल दिसले की ‘चाई पडली’ म्हणतात. मग सुचतो तो लेपच : कांद्याचा रस, लसूण, नाहीतर उगाळलेली गुंज. ही परंपरा बरीच जुनी आहे.

सुश्रुतसंहितेत या विकाराचे नाव इंद्रलुप्त. चिकित्सास्थानात त्यावर सांगितले आहे की, जागा वारंवार खरवडून तीवर गुंजेच्या बियांचा लेप द्यावा. त्याच ग्रंथात हस्तिदंताची मषी व रसांजन यांच्या लेपाने तळहातावरही केस उगवतात, असे म्हटले आहे. ही अर्थातच औषधाची जाहिरात! गुंज म्हणजे सोनारांच्या तराजूतले तेच लाल-काळे बी. तिच्यातील अ‍ॅब्रिन हे जहाल विष असून खरवडलेल्या कातडीवर ते लावणे जिवावर बेतू शकते. आज हा प्रयोग कोणीही करू नये.

पण खरवडण्यामागची दृष्टी दुर्लक्षिण्याजोगी नाही. चाईत शरीराच्याच संरक्षक पेशी केसांच्या मुळांवर हल्ला करतात. १९८३ मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ रुडॉल्फ हॅपल व सहकाऱ्यांनी डायफेनसिप्रोन हे रसायन लावून त्वचेला मुद्दाम अ‍ॅलर्जी आणली. त्या सौम्य दाहाने मुळांवरचा हल्ला ढिला पडतो, असे मानतात.

कांद्याचे काय? २००२ मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी २३ रुग्णांना दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावला. सहा आठवड्यांनी २० जणांना केस फुटले. साधे पाणी लावणाऱ्या १५ पैकी दोघांनाच आले. आकडे मोहक आहेत, पण गट लहान, आणि कांद्याच्या वासापुढे कोण काय लावतो आहे हे लपवणार कसे?

खरी अडचण निराळीच आहे. लहान चाई अनेकदा वर्षभरात आपोआप भरून येते, आणि श्रेय शेवटच्या लेपाला मिळते. मिनॉक्सिडिलचीही हीच गत : ते १९८८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले ते अनुवंशिक टकलासाठी, चाईवर त्याचा जोर बेताचाच. थोड्या चकत्यांसाठी डॉक्टर बहुधा चाईच्या जागीच स्टेरॉइडची इंजेक्शने देतात.

हॅपल यांच्या पद्धतीत यावर सुटसुटीत तोड होती. रसायन आधी डोक्याच्या एकाच बाजूस लावायचे, दुसरी बाजू तशीच ठेवायची. केस फक्त लावलेल्या बाजूस आले, तरच ते औषधाचे.