बांधाबांध

मावशीला आम्ही मुंबई-गोवा क्रूझवर नेणार हे कळल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "क्रूझ म्हणजे आपल्या सांताक्रूझमधलं क्रूझ का गं?" भाचरं खो खो हसली. मीही हसणार होते, पण जीभ चावली. मावशीचं बरोबर होतं.

सांताक्रूझ म्हणजे पोर्तुगीजमध्ये पवित्र क्रूस. आपला 'क्रूस'ही त्याच शब्दातून आला. वसईत आणि गोव्यात वाटेवर चुन्यानं रंगवलेला उभा असतो, तो. इंग्रजांनी 'क्रूझ' उचललं डचांकडून. डच 'क्रॉइसन' म्हणजे आडवंतिडवं ओलांडणं. शत्रूच्या किंवा चाच्यांच्या मागावर असलेली गलबतं समुद्राच्या एकाच पट्ट्यात येरझारा घालत आणि त्यांच्या वाटांची फुली होई. क्रूस काय, क्रूझ काय, दोघांची आजी लॅटिन. कुठंही पोचायची घाई नाही, नुसतं फिरत राहायचं, हा अर्थ पुढं सुट्टीला आयताच लागू पडला.

मग सुरू झाली बांधाबांध. खरं तर आता बांधत कुणीच काही नाही. बॅगेला चेन असते, चाकं असतात, आकड्यांचं कुलूप असतं. आपण बॅग 'भरतो'. पण प्रवासाआधीच्या धांदलीला शब्द बांधाबांधच, कारण तो बोचक्यांच्या काळातला आहे. बोचकं तुर्की 'बोहचा'च्या कुळातलं, फारसीतून आलेलं. कपड्यांभोवती गुंडाळून गाठ मारायचा चौकोनी रुमाल. गाठोडं मात्र अस्सल घरचं, गाठीतून निघालेलं. वळकटीही घरचीच, 'वळणं'मधली. प्रवासी बॅगेत कपड्यांच्या घड्या घालू नका, गुंडाळ्या करा, जागा वाचते आणि चुण्या पडत नाहीत, असा सल्ला हल्ली भाचीला मोबाइलवर दिवसातून दोनदा मिळतो. मावशी म्हणाली, "वळकटी करा म्हणतायत होय!"

या 'बांधण्या'नं मला तीन दिवस झोपू दिलं नाही. संस्कृत 'बंध्', फारसी 'बंद', इंग्रजी 'बाइंड', हे सगळे एका मुळाचे. 'बंडल'ही त्यातलंच, मग ते नोटांचं असो की मारलेलं. भाचीनं वाऱ्यात केस उडू नयेत म्हणून बंदाना घेतला होता. तो म्हणजे आपली बांधणी. कापडाला बारीक दोऱ्यानं गाठी मारून रंगात बुडवायचं, गाठ सोडली की ठिपका. ईस्ट इंडिया कंपनीनं हे ठिपक्याठिपक्यांचे रेशमी रुमाल विलायतेला नेले आणि तिथल्या तपकीर ओढणाऱ्यांना ते फार आवडले, कारण गडद रंगावर तपकिरीचे डाग दिसत नसत.

जावयानं 'फॉर्मल नाइट'साठी कमरबंद घेतला होता, काळा, साटिनचा, चुण्याचुण्यांचा. दुकानात त्याला 'कमरबंड' म्हणतात. मूळ फारसी, कमरेला बांधायचं ते. आपली 'कंबर'ही त्या 'कमर'चीच. हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी उकाड्यात कोटाच्या आतल्या जाकिटाला रजा दिली आणि त्या जागी हा पट्टा गुंडाळला. तांबड्या समुद्रात तर कोटही नकोसा होई. म्हणून ब्रिटिश आरमारात सदरा, काळी विजार आणि कमरबंद एवढ्यावर रात्रीच्या जेवणाला बसायची रीत पडली. तिला नावच 'रेड सी रिग'. म्हणजे आज जो प्रकार थाटाचा म्हणून भाड्यानं आणतात, तो मुळात घामाला कंटाळलेल्या माणसांनी काढलेला.

सगळ्यात जवळचा शब्द मात्र भाचीच्या अंगावर होता. डंगरी. निळी, खांद्यावर पट्टे, छातीवर खिसा. हे नाव डोंगरीचं, आपल्या मुंबईतल्या डोंगरीचं. तिथं मिळणाऱ्या जाड्याभरड्या, स्वस्त सुती कापडाला त्या जागेवरून नाव पडलं आणि सतराव्या शतकात ते इंग्रजीत गेलं. शिडं, तंबू, आणि मग जहाजावर राबणाऱ्यांचे कपडे, अशी त्या कापडाची चाल. पुढं कापडाचं नाव कपड्याला चिकटलं, कपडा अमेरिकेच्या नौदलापर्यंत पोचला आणि तिथून फिरत फिरत मॉलमध्ये आला. आमची बोट बॅलार्ड पिअरवरून सुटणार. तिथून डोंगरी फार तर दोन-तीन किलोमीटर. शब्द जगाला वळसा घालून परत आला होता, आणि भाचीला तो अमेरिकन वाटत होता. जीन्स इटलीतल्या जिनोआची, डेनिम फ्रान्समधल्या नीम गावचं, हे कौतुकानं सांगणारे पुष्कळ भेटतात. डोंगरीचं कुणी सांगत नाही.

असं सगळं जुळत गेलं की शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला चटक लागते, आणि तिथंच घसरायला होतं. जावई म्हणाला, 'पॉश' हा शब्दही बोटीवरचाच. विलायतेहून मुंबईला येताना डाव्या बाजूच्या खोल्यांना ऊन कमी, परतताना उजव्या बाजूच्या. श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरं छापत. गोष्ट झकास आहे. फक्त तसं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. मग मला मोह झाला 'पोशाखा'चा. फारसी 'पोशीदन' म्हणजे झाकणं, अंगावर घालणं. त्यातूनच पोशाख, पलंगपोस. पोशाख आणि पॉश, किती शोभून दिसतं! पण शोभून दिसण्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. सोडून दिलं.

एका शब्दाशी मात्र मी थबकले. पोहण्याच्या कपड्यांत भाचीची बिकिनी होती. (मावशीनं पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.) बिकिनी हे प्रशांत महासागरातलं प्रवाळबेट. तिथल्या भाषेत नावाचा अर्थ नारळांची भूमी असा काहीसा. 'नी' म्हणजे नारळ. १९४६च्या मार्चमध्ये अमेरिकेनं तिथल्या १६७ माणसांना बेटावरून हलवलं आणि जुलैत अणुबॉम्बच्या चाचण्या सुरू केल्या. पहिल्या स्फोटाला आठवडाही उलटला नव्हता, तोच पॅरिसमध्ये लुई रेआर यानं आपल्या दोन चिंध्यांच्या पोशाखाला तेच नाव दिलं. आम्ही कोकणातली माणसं. नारळाच्या बागा सोडून जायला सांगितलं तर काय होईल, हे मला कळतं. हा शब्द मला तेव्हापासून हलका वाटत नाही, कपडा कितीही हलका असो.

मावशीची बॅग भरायला मी बसले. तीन रात्रींसाठी प्रत्येकीनं काय घ्यावं याची भाचीनं यादी केली होती. कमी कपडे, पण एकमेकांवर चालणारे. दिवसा डेकवर आणि रात्री शाल घेतली की जेवणाला. मावशीनं ती वाचली आणि कपाटातून पंचा काढला. नावाप्रमाणं पाच हातांचा. आपल्याकडं कपड्याला मापावरून नाव द्यायची ही रीत मला आवडते. पाचवारी, नऊवारी, पंचा. उपयोग काय ते ज्याचं त्यानं ठरवावं. अंग पुसा, डोक्याला गुंडाळा, उन्हात खांद्यावर टाका, ओलं सामान बांधून आणा. यादीतल्या चार गोष्टी त्यानं बाद केल्या.

"आणि बोट लागली तर?" मावशीनं आवळकाठीची डबी पंच्यात ठेवली. लहानपणी ती भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं मालवणला जायची. बोट लागणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. गाडी लागते, बोट लागते. पोटातल्या ढवळण्याला इतका सौम्य शब्द मराठीनंच शोधावा.

शेवटी मी तिला 'जहाजा'चं सांगितलं. अरबीत 'जहाझ' म्हणजे सरंजाम, लागणारी सगळी सामग्री. नवरीबरोबर द्यायची, प्रवाशानं घ्यायची, मयताच्या अखेरच्या तयारीची, तिन्हींना तोच शब्द. हिंदीतलं 'दहेज' त्याचंच भावंड. आजही अरबीत यंत्राला, उपकरणाला 'जिहाझ' म्हणतात. फारसीत मात्र अर्थ सरकला आणि सरंजामानं भरलेली नावच जहाज झाली. तिथून ती आपल्याकडं आली. म्हणजे जहाज या शब्दाचा मूळ अर्थच बांधाबांध.

मावशीनं ऐकून घेतलं. मग चाकांची बॅग बाजूला सारली.

"म्हणजे बांधाबांध आधीच झालेली आहे की," ती म्हणाली. "दे ती कापडी पिशवी इकडे."