एक तारीख, दोन कागद

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात बिअ‍ॅट्रिस गावाजवळ सरकारनं जपून ठेवलेलं एक रान आहे. होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क. मी तिथं गेलेलो नाही. सूतखात्यात पाळी करणाऱ्याला नेब्रास्का कुठली? पण फोटो बघितलेत, कायदा अक्षर लावून वाचलाय. आमच्या आज्याच्या नावावर सातबारा नव्हता, म्हणून जमिनीचे कागद मी बारकाईनं वाचतो.

नांगरासारख्या छपराची इमारत, ओंडक्यांचं एक घर, १८७२ ची विटांची शाळा आणि शंभर एकर उंच गवत. बस्स.

२० मे १८६२ ला लिंकननं सही केली. २१ वर्षं पुरी झालेल्यानं १६० एकर मागावी, घर बांधावं, पाच वर्षं राहून कसावी, फीचे १८ डॉलर भरावेत. जमीन त्याची. कालपरवा बोटीतून उतरलेला, नागरिक व्हायचंय असं नुसतं लिहून देणाराही चाले. एकट्या बाईलाही मिळे. चांगलंच होतं, नाही कोण म्हणतो?

कायदा लागू झाला १ जानेवारी १८६३ ला. डॅनिएल फ्रीमननं मध्यरात्र उलटताच कचेरी उघडायला लावली असं सांगतात. हे रान त्याचंच. आणि त्याच दिवशी त्याच लिंकननं बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. एकाला जमीन दिली. दुसऱ्याला म्हणाले, जा, तू मोकळा. मोकळा म्हंजे हात हलवीत मोकळा! १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालानं काळा माणूस नागरिकच नव्हता. त्याचा अर्ज घेणार कोण?

१८६५ च्या जानेवारीत जनरल शेरमननं काळ्यांना ४०-४० एकर वाटायचा हुकूम काढला. लिंकनचा खून झाला. अध्यक्ष जॉन्सननं त्याच वर्षी ती जमीन जुन्या मळेवाल्यांकडं फिरवली. १८६६ ला दक्षिणेसाठी वेगळा कायदा आला, १८७६ ला मोडला. मधेच १८७३ ला आपल्या जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेच्या लोकांना अर्पण केली होती, गुलामी मोडली म्हणून.

१८७७ ला केंटकीतले काळे लोक कॅन्ससला गेले, निकोडेमस गाव वसवलं. घरं नव्हती, जमिनीत खड्डे खणून राहिले. पहिल्या हिवाळ्यात उपाशी मरायची पाळी आली. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज इंडियनांनी त्यांना खायला दिलं. त्या ओसेजांची कॅन्ससमधली जमीन नुकतीच गेली होती, गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी.