हीथ्रो ते लंडन : पहिल्या प्रवासाची पूर्वतयारी

शिक्षण, नोकरी किंवा मुलाबाळांकडील मुक्काम या निमित्ताने प्रथमच लंडनला जाणाऱ्या मराठी प्रवाशांची विमानप्रवासाची तयारी बहुधा चोख असते. व्हिसा, विमा, बॅगांचे वजन, सोबत न्यायचे लोणचे-मसाले यांची यादी महिनाभर आधी तयार होते. मात्र हीथ्रो विमानतळाच्या दाराबाहेर पडल्यानंतरच्या दोन तासांचा विचार क्वचितच केला जातो. अपुरी झोप, दोन्ही हातांत जड सामान आणि परके चलन अशा अवस्थेत थकलेला प्रवासी समोर दिसेल त्या टॅक्सीत बसतो, किंवा सर्वांत वेगवान म्हणून जाहिरात होणाऱ्या गाडीचे तिकीट काढतो. पैसे तर जास्त जातातच, शिवाय अनेकदा वेळही वाचत नाही. हीथ्रोहून निघण्यासाठी सार्वजनिक वाहतुकीचे अनेक पर्याय उपलब्ध आहेत. त्यांतला उत्तम कोणता, हे गाडीच्या वेगावर नव्हे, तर मुक्कामाच्या पत्त्यावर ठरते.

रेल्वे विमानतळापर्यंत कशी आली?

हीथ्रो नागरी वाहतुकीसाठी १९४६ मध्ये खुला झाला. त्यानंतर सुमारे तीन दशके प्रवाशांना शहरात नेण्याचे काम बसगाड्यांकडेच होते. भुयारी रेल्वेची पिकॅडिली मार्गिका पुढे सरकत १९७५ मध्ये विमानतळाच्या वेशीवरील हॅटन क्रॉसपर्यंत आली आणि १६ डिसेंबर १९७७ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते थेट विमानतळावरील स्थानकाचे उद्घाटन झाले. पॅडिंग्टनपर्यंत विनाथांबा धावणारी हीथ्रो एक्स्प्रेस १९९८ मध्ये सुरू झाली. बराच विलंब झालेली एलिझाबेथ मार्गिका २४ मे २०२२ रोजी प्रवाशांसाठी खुली झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून तिच्या गाड्या हीथ्रोहून थेट मध्य लंडनच्या पोटातून पूर्वेकडे जाऊ लागल्या.

तीन गाड्या, तीन हिशेब

पिकॅडिली मार्गिका सर्वांत स्वस्त. मध्य लंडनपर्यंतचे भाडे २०२५ मध्ये सुमारे सहा पौंड होते. वेळ मात्र पाऊण तास ते तासभर लागतो. डबे अरुंद आहेत आणि मोठ्या बॅगांना जागा बेताचीच. जमेची बाजू अशी, की गाडी विमानतळावरूनच सुटत असल्याने बसायला जागा बहुधा मिळते आणि अर्ल्स कोर्ट, साउथ केन्सिंग्टन, ग्रीन पार्क, लेस्टर स्क्वेअर, किंग्ज क्रॉस अशी महत्त्वाची स्थानके एकाच गाडीने गाठता येतात.

एलिझाबेथ मार्गिकेने मध्य लंडन अर्ध्या तासाच्या आसपास येते. भाडे २०२५ मध्ये सुमारे चौदा पौंड होते. गाड्या प्रशस्त व वातानुकूलित आहेत. या मार्गिकेच्या सर्व स्थानकांवर जिना न चढता बाहेर पडता येते. ज्येष्ठ नागरिक, लहान मुले किंवा दोन मोठ्या बॅगा सोबत असल्यास वरचे आठ पौंड सत्कारणी लागतात.

हीथ्रो एक्स्प्रेस टर्मिनल २ व ३ च्या स्थानकावरून पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला पोहोचते. आयत्या वेळच्या तिकिटाला २०२५ मध्ये पंचवीस पौंडांच्या आसपास रक्कम मोजावी लागे. बरेच आधी आरक्षण केल्यास ते खूप स्वस्त पडते. परंतु पॅडिंग्टन हे मुक्कामाचे ठिकाण नसेल, तर तेथे उतरून पुन्हा गाडी बदलावी लागते आणि वाचलेली मिनिटे तिथेच खर्ची पडतात. एक्स्प्रेस आणि एलिझाबेथ मार्गिकेच्या गाड्या विमानतळावर अनेकदा एकाच फलाटावर येतात. त्यामुळे फलक वाचल्याशिवाय गाडीत चढू नये, अन्यथा स्वस्त गाडीच्या समजुतीने महाग गाडीचे भाडे भरावे लागेल.

आधी पत्ता, मग वाहन

'लंडनला जायचे' याचा अर्थ दरवेळी मध्य लंडन असा नसतो. भारतीय वस्ती मोठ्या प्रमाणावर असलेली अनेक उपनगरे विमानतळाच्याच बाजूला, म्हणजे पश्चिमेला आहेत. हाउन्स्लो पिकॅडिली मार्गिकेवर आहे, तर साउथॉल व ईलिंग ब्रॉडवे एलिझाबेथ मार्गिकेवर. हॅरोला जाण्यासाठी 'एसएल ९' ही जलद बस थेट विमानतळावरून सुटते. हॅरोचा प्रवासी पॅडिंग्टनला गेला, तर त्याला आलेल्या दिशेने पुन्हा मागे यावे लागेल. ब्रिटनमधील अन्य शहरांत शिकायला जाणाऱ्यांची गत वेगळी. विमानतळाच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून अनेक शहरांसाठी लांब पल्ल्याच्या थेट बसगाड्या सुटतात. सामानासह लंडन ओलांडण्यापेक्षा ते सोयीचे ठरू शकते.

म्हणून घर सोडण्यापूर्वीच पाच गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : उतरण्याचे टर्मिनल, मुक्कामाच्या पत्त्याचा पोस्टकोड, घराजवळच्या स्थानकाचे नाव, गाडी बदलण्याचे स्थानक आणि तेथून पुढच्या गाडीची दिशा. ब्रिटिश पोस्टकोड मोजक्या घरांपुरता असल्याने लंडनच्या परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर तो दिला, की दारापर्यंतचा मार्ग मिळतो. जिने टाळणारा मार्गही तेथे निवडता येतो. फोनची बॅटरी आणि नवे सिमकार्ड यांच्यावर विसंबून राहण्यापेक्षा कागद अधिक भरवशाचा.

एक उदाहरण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ च्या काळात किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहिले होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ही वास्तू विकत घेतली. त्याच परिसरात उतरणाऱ्या प्रवाशाला जवळचे स्थानक चॉक फार्म. एलिझाबेथ मार्गिकेने टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरून, किंवा पिकॅडिलीने लेस्टर स्क्वेअरला उतरून, नॉर्दर्न मार्गिकेची उत्तरेकडे जाणारी गाडी पकडावी लागते. मात्र कॅमडेन टाउननंतर या मार्गिकेला फाटा फुटतो. चॉक फार्म एजवेअरच्या फाट्यावर आहे. हाय बार्नेटची गाडी तेथे जात नाही. केवळ मार्गिकेचे नाव पुरेसे नसते, गाडीवर झळकणारे अंतिम स्थानकही पाहावे लागते, हे यावरून ध्यानात यावे. बदलापूर आणि टिटवाळा यांतला फरक जाणणाऱ्या मुंबईकराला ही बाब सहज उमगेल.

कार्डाचा प्रश्न

लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे स्वीकारले जात नाहीत. भुयारी रेल्वेतही कागदी तिकीट सर्वांत महाग पडते. ऑयस्टर कार्ड, किंवा व्हिसा, मास्टरकार्ड वा अमेरिकन एक्स्प्रेसचे स्पर्शविरहित बँक कार्ड दारावरील पिवळ्या यंत्राला टेकवणे हा सोपा मार्ग. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते. ती गाठल्यावर त्या दिवशी अधिक रक्कम कापली जात नाही.

भारतीय प्रवाशाची अडचण येथेच होते. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार नव्या कार्डावर परदेशी आणि स्पर्शविरहित व्यवहार मुळात बंद असतात. ग्राहकाने ते स्वतः सुरू करावे लागतात. हे काम मायदेशी असतानाच उरकावे. बँकेचे परकीय चलन शुल्क किती, हेही विचारून घ्यावे. कार्ड चालले नाही, तर विमानतळावरच ऑयस्टर घेता येते. त्याची किंमत वेगळी मोजावी लागते व ती परत मिळत नाही.

नियम तीन. प्रत्येक प्रौढ प्रवाशासाठी स्वतंत्र कार्ड हवे. पतिपत्नीला एकच कार्ड पाळीपाळीने वापरता येत नाही. रेल्वेत शिरताना आणि बाहेर पडताना असे दोन्ही वेळा कार्ड टेकवावे. एक वेळ जरी राहिली, तरी कमाल भाडे कापले जाते. बसमध्ये मात्र फक्त चढताना. शिरताना प्रत्यक्ष कार्ड आणि बाहेर पडताना फोन असा घोळ केल्यास यंत्र त्यांना दोन वेगळे प्रवासी समजते.

सामान, जिने आणि गर्दी

लंडनची भुयारी रेल्वे शतकाहून जुनी आहे. पिकॅडिली मार्गिकेचाच मूळ भाग १९०६ सालचा. अनेक स्थानकांवर लिफ्ट नाही, किंवा असली तरी पुढे जिने आहेतच. त्यामुळे दहा मिनिटे जास्त लागली तरी बदल कमी असलेला मार्ग निवडणे श्रेयस्कर. व्हिक्टोरिया किंवा वेस्टमिन्स्टरकडे जाणाऱ्यांनी पिकॅडिलीवरून हॅमरस्मिथ अथवा बॅरन्स कोर्टला उतरावे. समोरच्याच फलाटावर डिस्ट्रिक्ट मार्गिकेची गाडी येते आणि एकही पायरी चढावी लागत नाही.

सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात हे कामाच्या दिवशीचे गर्दीचे तास. भारतातून येणारी काही विमाने नेमकी सकाळी उतरतात. अशा वेळी विमानतळावरच चहा घेऊन थोडा वेळ काढणे हितावह. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभे राहण्याचा तेथील रिवाज आहे. डावी बाजू घाईत असणाऱ्यांसाठी मोकळी सोडावी.

अवेळी पोहोचल्यास

पिकॅडिली मार्गिका शुक्रवार व शनिवारच्या रात्री अखंड सुरू असते, पण टर्मिनल ४ ला रात्रीची गाडी जात नाही. इतर रात्री 'एन ९' ही बस मध्य लंडनपर्यंत नेते. मध्यरात्र, चार जणांचे कुटुंब, सहा बॅगा आणि सोबत वयस्कर आई-वडील अशी स्थिती असल्यास टॅक्सी घेण्यात कमीपणा नाही. मात्र ती अधिकृत रांगेतून किंवा आधी नोंदवूनच घ्यावी. आगमन कक्षात जवळ येऊन विचारणाऱ्याच्या गाडीत बसू नये.

परतीच्या प्रवासातही एक दक्षता आवश्यक. पिकॅडिलीच्या काही गाड्या टर्मिनल ४ ला, तर काही टर्मिनल ५ ला जातात. डब्यावरील फलक न वाचता बसलेल्या प्रवाशाला भलत्याच टर्मिनलवर उतरून उलट यावे लागते, आणि विमानाच्या वेळेपुढे ही वीस-पंचवीस मिनिटे फार मोठी ठरतात. भाड्याचे दर साधारणतः दरवर्षी मार्चमध्ये बदलतात. निघण्यापूर्वी ते परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.