डोंगरीतले सात दिवस

तू तेरा वर्षांचा आहेस. साल 1882, जुलै महिना. खालापूर पेट्यातल्या खाचरांत लावणी चाललीय. बापाची नजर चुकवून तू कर्जत स्टेशन गाठतोस, घाट उतरून आलेल्या गाडीत शिरतोस आणि बोरीबंदरला उतरतोस. दोन दिवस उपाशी काढतोस. तिसऱ्या दिवशी एका मुसाफिराचं गाठोडं उचलतोस आणि शिपाई तुझं मानगूट धरतो. मॅजिस्ट्रेटसमोर फार वेळ लागत नाही. सहा महिने सक्तमजुरी, त्यात एकांत कोठडी.

तुला कायदा ठाऊक नाही, म्हणून सांगतो. 1860 च्या दंडसंहितेतली कलमं 73 आणि 74. सहा महिन्यांच्या शिक्षेत एकांत जास्तीत जास्त एक महिना, आणि तोही एका महिन्यात सात दिवसांहून जास्त नाही. हिशेब अगदी चोख केलाय. कैदी तेरा वर्षांचा असेल तर काय, याबद्दल मात्र या दोन कलमांत अक्षर नाही.

डोंगरीच्या तुरुंगात दार लागतं. पहिल्या दिवशी तू रडतोस, आईला हाका मारतोस. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या ओलीत डोंगर शोधतोस. तिसऱ्या दिवशी स्वतःशीच बोलायला लागतोस आणि आपलाच आवाज ऐकून दचकतोस. भाकरी आत सरकवणाऱ्या हाताची नखं तुला पाठ झालीत, अंगठ्याचं नख चिरलेलं आहे. त्या हाताचा चेहरा तू अजून पाहिलेला नाहीस. पाचव्या दिवशी हात आला तरी तू उठत नाहीस. सातव्या दिवशी दार उघडतं आणि शिपाई नाव विचारतो. तुला ते चटकन आठवत नाही.

त्याच तुरुंगात, त्याच पावसाळ्यात टिळक आणि आगरकर आहेत. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांनी भरलेल्या बदनामीच्या खटल्यात चार महिन्यांची शिक्षा झालीय, 101 दिवसांनी सुटतील. पुढे आगरकर त्या दिवसांवर पुस्तक लिहिणार आहेत. हाल त्यांचेही झाले. पण दोघं एकत्र आहेत, रात्ररात्र मोठमोठ्यानं वाद घालताहेत. ते ताठ मानेनं बाहेर आले त्यात त्यांच्या निष्ठेचा वाटा होताच, पण समोर बोलायला माणूस होता याचाही वाटा मोठा, असं मला ठामपणे वाटतं. तुझ्यासमोर भिंत आहे.

भिंत तीच ठेवून आता वर्षं पुढे सरकव. 1924 मध्ये मुंबईचा बालकांचा कायदा होतो, 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहते, आणि डोंगरी-उमरखाडीचा हाच जुना तुरुंग मुलांचं गृह बनतो. गुन्ह्यातली मुलं वेगळी ठेवायची, एवढं मान्य झालंय. मुलाच्या मनात काय चाललंय हे विचारायची सोय अजून व्हायचीय. ती जवळच भायखळ्याच्या बाजूला होते. 1936 साली तिथे सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालंय, आजचं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस. पुढच्याच वर्षी त्यांचं चाइल्ड गायडन्स क्लिनिक निघतं. तुझ्यासारख्या पोराला तिथे कुणीतरी खुर्चीवर बसवून विचारतं, घरून का निघालास? 1882 मध्ये मॅजिस्ट्रेटनं, शिपायानं, जेलरनं, कुणीच तुला हे विचारलं नव्हतं.

1986 ओझरतं बघून घे. पत्रकार शीला बर्से मानखुर्दच्या निरीक्षणगृहाबद्दल न्यायालयाला पत्र लिहितात, आणि मुलांना अशा गृहात फार काळ ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालय बजावतं.

आता उतर. कर्जतच. तू पुन्हा तेरा वर्षांचा आहेस, या खेपेला गाठोड्याऐवजी मोबाइल उचललास. ‘अल्पवयीन मुलाची कर्जतच्या बालसुधारगृहात रवानगी’, रायगडच्या बातम्यांत हे वाक्य सरावाचं झालंय. 2015 च्या बालन्याय कायद्यानं तुला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात टाकता येत नाही. 2016 चे आदर्श नियम गृहातल्या मुलांच्या मानसिक आरोग्यावर वेगळा नियम करतात, समुपदेशन सांगतात. बंदिस्त मुलांना एकांतात कोंडू नका, हे संयुक्त राष्ट्रांनी 1990 मध्येच लिहून ठेवलंय. मोठ्यांसाठी मात्र एकांत कोठडी नव्या न्यायसंहितेतही कलम 11 आणि 12 म्हणून जशीच्या तशी आली. मला याची चीड येते, कारण मोठ्यांना जे चालतं ते पोरांपर्यंत झिरपतंच. बिथरलेल्या मुलाला ‘जरा शांत होऊ दे’ म्हणून खोलीत बंद करायला कलमाची गरज लागत नाही, बाहेरून कडी असली की झालं.

कर्जत तालुक्यातच वेणगाव आहे. तिथे डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा संस्थेचं केंद्र आहे, 2006 पासून. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना आणतात, औषध देतात, त्यांच्या भाषेत बोलत राहतात, आणि एक दिवस तो माणूस गावाचं नाव सांगतो. मग त्याला घरी पोचवतात. या कामासाठी 2018 चा मॅगसेसे पुरस्कार वाटवानींना मिळाला. स्वतःचं नाव विसरलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे याच तालुक्यात शिकता येतं.

म्हणून तुझ्या गृहाच्या पाहणीला जो कुणी येईल, अधिकारी असो की आमदार, त्यानं रंगरंगोटी आणि संगणक नंतर बघावेत. आधी विचारावं, समुपदेशक इथे रोज असतो का? मानसोपचारतज्ज्ञ शेवटचा कधी आला? आणि रात्री दोन वाजता एखादं पोर भिंतीवर डोकं आपटायला लागलं, तर त्याच्याजवळ बसायचं काम कुणाच्या नावावर लिहिलेलं आहे?