उणे तीस अंश, पण कोणाचे?

१. १८१२ च्या हिवाळ्यात नेपोलियनचे सैन्य मॉस्कोहून माघारी फिरले. १८६९ मध्ये फ्रेंच अभियंता शार्ल मिनार याने या मोहिमेचा आलेख काढला. तो आजही या विषयाच्या पुस्तकांत नमुना म्हणून छापला जातो. वर सैन्याची पट्टी क्षीण होत जाते, खाली थंडीची रेघ उतरत जाते. ६ डिसेंबरपाशी आकडा आहे : उणे ३०.

२. आजचा वाचक हा आकडा सहजच सेल्सिअसचा समजतो. हे अंश रेओम्यूरचे आहेत असे मिनारने आलेखावरच लिहून ठेवले आहे. या मोजपट्टीवर पाणी ० वर गोठते व ८० वर उकळते. म्हणजे तिचा १ अंश सेल्सिअसच्या सव्वा अंशाएवढा. उणे ३० ला सव्वाने गुणले की उत्तर येते उणे ३७.५. एक नाव न वाचल्यामुळे साडेसात अंशांची थंडी नाहीशी होते.

३. गुणाकार शाळकरी मुलालाही जमेल. खरा प्रश्न गुणाकाराच्या आधीचा आहे. जुन्या तापमानाचा आकडा हाती आला की तीन गोष्टी विचाराव्या लागतात : शून्य कोठे धरले होते, दुसरे टोक कोठे होते, आणि नळीत कोणता द्रव होता? ही उत्तरे मिळाल्यावाचून सूत्र वापरले, तर गणित बरोबर येते आणि इतिहास चुकतो.

४. रेओम्यूरचेच उदाहरण घ्यावे. १७३० मध्ये त्याने आपला तापमापक मांडला तेव्हा नळीत पारा नव्हता, मद्यार्क होता. द्रव मूळ आकारमानाच्या एक हजारांशाने फुगला की १ अंश, असा त्याचा हिशेब. पण मद्यार्क पाण्याच्या आधीच उकळतो आणि सर्वत्र सारख्या प्रमाणात फुगतही नाही. पुढे जिनिव्हाच्या द ल्यूक याने पारा वापरून ८० चा अंक पाण्याच्या उत्कलनबिंदूवर बसवला. नाव तेच राहिले, मोजपट्टी बदलली. सव्वाचा गुणाकार या दुसऱ्या पट्टीला लागू पडतो, पहिलीला नव्हे.

५. डॅन्झिगमध्ये जन्मलेल्या आणि हॉलंडमध्ये स्थिरावलेल्या फॅरनहाइटची कथाही अशीच. १७०८ मध्ये तो कोपनहेगनला ओले रोमर या खगोलशास्त्रज्ञाला भेटला. रोमरच्या पट्टीवर पाणी साडेसातावर गोठत असे. फॅरनहाइटने अपूर्णांक टाळण्यासाठी अंश लहान केले, आकडे वाढवले. १७२४ मध्ये त्याने तीन टोके जाहीर केली : क्षार मिसळलेल्या बर्फाचे ०, बर्फ आणि पाणी यांचे ३२, निरोगी माणसाच्या शरीराचे ९६.

६. हे ९६ आजच्या सूत्रात घातले तर ३५.६ सेल्सिअस येते. मग अठराव्या शतकातली माणसे थंडगार होती काय? तसे नव्हे. पुढे ३२ आणि २१२ ही पाण्याची दोन टोके पक्की झाली आणि शरीराचे टोक सुटले. उत्कलनबिंदू कसा ठरवावा याची पद्धत १७७७ मध्ये कॅव्हेंडिशच्या अध्यक्षतेखालील रॉयल सोसायटीच्या समितीने घालून दिली. फॅरनहाइटचे ९६ ही मोजणी नव्हती; ती व्याख्या होती.

७. सेल्सिअसच्या बाबतीत तर दिशाच उलटी. १७४२ मध्ये उप्सालाच्या या खगोलशास्त्रज्ञाने उकळत्या पाण्याला ० आणि गोठणबिंदूला १०० दिले. थंडी वाढेल तसा आकडा चढे. १७४४ मध्ये तो वारला आणि काही वर्षांतच उप्सालात हा क्रम उलटवला गेला. त्या काळच्या स्वीडिश नोंदवहीत ९० हा आकडा दिसला, तर ती उकळती दुपार असेलच असे नाही. गोठणबिंदूच्या १० अंश वरचा गारवाही असू शकतो.

८. उलटी पट्टी ही सेल्सिअसची लहर नव्हती. सेंट पीटर्सबर्गमध्ये काम करणाऱ्या डलील या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची पट्टीही उत्कलनबिंदूच्या शून्यापासून खाली उतरे. तिचा गोठणबिंदू १५० वर ठरला. सेल्सिअसमध्ये आणण्यासाठी डलीलच्या अंशांची दोन तृतीयांश पट करून ती १०० मधून वजा करावी. रशियातील हवामानाच्या कितीतरी नोंदी याच पट्टीवर आहेत.

९. आता सर्वांत फसवे उदाहरण. १७३५ च्या जानेवारीत सायबेरियातील येनिसेइस्क येथे ग्मेलिन या संशोधकाच्या तापमापकातील पारा विलक्षण खाली गेला. फॅरनहाइटमध्ये तो आकडा उणे १२० च्या आसपास, म्हणजे सुमारे उणे ८४ सेल्सिअस. सायबेरियात विसाव्या शतकात नोंदलेला नीचांकही उणे ६८ च्या घरात आहे. मग ही थंडी आली कोठून?

१०. ती हवेत नव्हतीच. पारा उणे ३८.८ सेल्सिअसला गोठतो आणि गोठताना आकसतो. नळीतील रेघ हवेची थंडी दाखवत नव्हती. ती गोठलेल्या धातूचे आकसणे दाखवत होती. पारा गोठतो हे सेंट पीटर्सबर्गला ब्राउन याने डिसेंबर १७५९ मध्ये सिद्ध केले. हडसन उपसागराकाठी केलेल्या प्रयोगांवरून कॅव्हेंडिशने १७८३ मध्ये त्याचा गोठणबिंदू निश्चित केला. ग्मेलिनचा आकडा कोणत्याही पट्टीत नेला तरी खरा होत नाही.

११. येथे मिनारचे उणे ३० पुन्हा पाहावे. पारा रेओम्यूरच्या उणे ३१ वर गोठतो. म्हणजे आलेखातला सर्वांत खालचा आकडा पाऱ्याच्या तापमापकाच्या अगदी काठावर उभा आहे.

१२. रूपांतर आणखी एक खोड करते : खोटी अचूकता. १८६८ मध्ये लाइपझिगच्या वुंडरलिख या वैद्याने हजारो रुग्णांच्या नोंदींवरून निरोगी शरीराचे सरासरी तापमान ३७ सेल्सिअस सांगितले. हा गोळाबेरीज आकडा होता. फॅरनहाइटमध्ये नेल्यावर तो ९८.६ झाला आणि दशांश चिन्हामुळे फार काटेकोर वाटू लागला. १९९२ मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी व्यक्तींची मोजणी झाली, तेव्हा सरासरी ९८.२ निघाली आणि दिवसभरात ती हलतही होती.

१३. महाराष्ट्रात हे दोन्ही जुने जग आजही एकाच घरात नांदते. उन्हाचा पारा 'चाळिशी गाठतो' तो सेल्सिअसमध्ये. मुलाला 'एकशे दोन ताप' येतो तो फॅरनहाइटमध्ये. एकक कोणी उच्चारत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते ठाऊक असते. जुन्या नोंदवह्या लिहिणाऱ्यांनीही तसेच गृहीत धरले होते. फरक इतकाच की त्यांचा ऐकणारा आता उरलेला नाही.

१४. शेवटची सावधगिरी : तापमान आणि तापमानातील फरक यांचे सूत्र एक नाही. फॅरनहाइटच्या आकड्यासाठी सेल्सिअसला ९/५ ने गुणून ३२ मिळवावे. पण हवा १.५ सेल्सिअसने तापली, तर ती वाढ २.७ फॅरनहाइट, ३४.७ नव्हे. फरकात शून्याची जागा येत नाही, म्हणून ३२ ही येत नाहीत.

१५. पृथ्वी किती तापली हे सांगताना अभ्यासक अशाच जुन्या वह्यांकडे वळतात. उप्सालाच्या नोंदी १७२२ पासूनच्या आहेत. त्या वह्यांतला प्रत्येक अंश आधी त्याच्या उपकरणाशी जोडावा लागतो, मगच सूत्राशी. आकड्याचे रूपांतर यंत्र क्षणात करते. तो आकडा कोणाचा होता, हे शोधणे मात्र इतिहासाचेच काम राहते.