दहाव्या लोकसभेंतील मतांचा हिशेब

घराची सांपत्तिक स्थिति बिघडली म्हणजे घरांतील दागिना सावकाराकडे जातो, हा अनुभव आपल्याकडील कित्येक कुटुंबांनीं घेतलेला आहे. १९९१ च्या जुलै महिन्यांत हाच प्रसंग सबंध देशावर आला. रिझर्व्ह बँकेनें सुमारें ४७ टन सोनें परदेशीं गहाण ठेवून सुमारें ४० कोटी डॉलर उभे केले; कारण बाहेरून येणाऱ्या मालाचे पैसे भागविण्यास परकीय चलन जेमतेम पंधरा दिवस पुरेल इतकेंच उरलें होतें. अशा वेळीं दिल्लीस भरलेल्या दहाव्या लोकसभेविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

निवडणूक चालूं असतांनाच २१ मे रोजीं राजीव गांधी यांची हत्या झाली. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, परंतु स्वतःचें बहुमत कोणासच मिळालें नाहीं. पंतप्रधानपद पी. व्ही. नरसिंह राव यांजकडे आलें. महाराष्ट्राला ते परके नव्हते. रामटेकमधून ते दोनदां लोकसभेवर गेले होते, आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनीं तेलुगूंत नेली होती. सभापतींच्या आसनावर लातूरचे शिवराज पाटील बसले.

आर्थिक सुधारणांचा बराचसा भाग या सभेच्या मतानें झाला, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १ व ३ जुलैला रुपयाचें मोल उतरविण्यांत आलें, तेव्हां सभेची पहिली बैठकहि झाली नव्हती. १८ उद्योग वगळून बाकीच्यांचे परवाने रद्द करणारें धोरण २४ जुलैला सभेपुढें केवळ ठेवण्यांत आलें. मग सभेच्या हातीं काय राहिलें? राहिली ती तिजोरीची किल्ली. त्याच दिवशीं अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनीं अंदाजपत्रक मांडलें, आणि खतांच्या किंमती शेंकडा ४० नीं वाढविण्याचें सुचविलें. शेतकऱ्यांचा कैवार घेणारे सभासद विरोधी बांकांवर होते, तसेच सरकारपक्षांतहि होते. ऑगस्टमध्यें ही वाढ शेंकडा ३० वर आणावी लागली, व लहान शेतकऱ्यांस तींतून वगळावें लागलें. सरकार अल्पमतांत होतें, म्हणूनच त्याला दुसऱ्याचें ऐकणें भाग पडलें.

परंतु ज्याला मतांची गरज असते, त्याला मतें विकत घेण्याचा मोहहि होऊं शकतो. २८ जुलै १९९३ रोजीं अविश्वासाच्या ठरावावर मतदान झालें. ठरावाच्या बाजूनें २५१ व विरुद्ध २६५ मतें पडून सरकार अवघ्या १४ मतांनीं तरलें. पुढें कांहीं सभासदांनीं पैसे घेऊन मत दिल्याचा आरोप होऊन खटला उभा राहिला. नरसिंह राव यांस २००० सालीं खालच्या न्यायालयानें दोषी ठरविलें. २००२ सालीं उच्च न्यायालयानें त्यांस निर्दोष सोडलें.

याहून विचार करण्याजोगा निर्णय १९९८ सालचा आहे. लांच घेऊन सभागृहांत मत देणाऱ्या सभासदावर खटला चालविण्यास घटनेचा १०५ वा अनुच्छेद आड येतो, असें सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांपैकीं तिघांनीं ठरविलें. सभासदानें निर्भयपणें बोलावें व मत द्यावें, म्हणून दिलेलें हें कवच लांच घेणाऱ्यासहि लाभलें! ही चूक दुरुस्त होण्यास २६ वर्षें लागलीं. ४ मार्च २०२४ रोजीं सात न्यायाधीशांनीं एकमतानें तो निर्णय फिरविला.

या सभेनें मंत्रालयांच्या मागण्या तपासण्यासाठीं १९९३ सालीं स्थायी समित्या सुरू केल्या, हेंहि तिच्या जमेच्या बाजूस मांडलें पाहिजे. मी आयुष्यभर मुलांना हिशेब शिकविला. बेरीज बरोबर आली तरी रकमा कोठून आल्या हें पाहावें, असें मीं त्यांस नेहमीं सांगत असें. २५१ व २६५ या दोन आंकड्यांविषयीं मला तेंच सांगावयाचें आहे. गहाण पडलेलें सोनें देशाला सोडवून घेतां येतें. मताच्या पावित्र्याचें तसें नाहीं.