वाइनबर्ग, रॉबर्ट : प्रकाशने आणि उद्धरणे

वाइनबर्ग, रॉबर्ट ॲलन : (११ नोव्हेंबर १९४२– ). अमेरिकन कर्करोगसंशोधक. जन्म पिट्सबर्ग येथे. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक आणि केंब्रिजच्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटच्या संस्थापक-सदस्यांपैकी एक. मानवी कर्करोगातील रास हे ऑन्कोजीन (कर्करोगकारक जनुक) आणि आरबी हे अर्बुदरोधक जनुक यांच्या शोधात त्यांच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. तरीही त्यांच्या नावावरची सर्वाधिक उद्धरणे एकही नवा प्रयोग नसलेल्या दोन लेखांची आहेत.

डग्लस हॅनहान यांच्यासह लिहिलेला ‘द हॉलमार्क्स ऑफ कॅन्सर’ हा समीक्षालेख जानेवारी २००० मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आला. कर्करोगाचे प्रकार कितीही असले तरी त्यांच्या पेशी सहा क्षमता कमावतात, अशी त्याची मांडणी आहे : वाढीचे संकेत स्वतःच पुरवणे, थांबण्याचे संकेत झुगारणे, पेशीमृत्यू चुकवणे, अमर्याद विभाजन, नव्या रक्तवाहिन्या ओढून घेणे आणि इतर ऊतींत घुसून दूरवर पसरणे. २०११ च्या दुसऱ्या लेखात चयापचयातील बदल व प्रतिकारशक्तीला चकवणे यांची भर पडली. दोन्ही लेखांची उद्धरणे प्रत्येकी दहा हजारांच्या कितीतरी पुढे गेली आहेत. कर्करोगावर काहीही लिहायचे तर प्रास्ताविकात या लेखांचा हवाला देणे सोयीचे पडते. विखुरलेल्या विषयाला त्यांनी आकार दिला आणि हे काम लहान नव्हे. पण शोधाचे मोल या आकड्यांवरून ठरत नाही.

पायाभूत काम त्याआधीचे आहे. १९७९ मध्ये रसायनाने कर्करोगी झालेल्या उंदराच्या पेशींतील डीएनए वाइनबर्ग यांच्या गटाने निरोगी पेशींत सोडला, तेव्हा ताटलीत एकावर एक चढलेल्या पेशींचे पुंजके उगवले. कर्करोगाचा आदेश डीएनएमधूनच जातो, हे त्यातून दिसले. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगातील रास जनुकात एकाच अक्षराचा बदल सापडला. त्यामुळे प्रथिनातील बाराव्या स्थानी ग्लायसीनऐवजी व्हॅलिन येते. मायकेल विग्लर आणि मारियानो बार्बासिड यांचे गटही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते. १९८६ मध्ये थॅडियस ड्रायजा यांच्या साथीने आरबी जनुक वेगळे करण्यात आले. अशा शोधांची उद्धरणे कालांतराने ओसरतात. गोष्ट पाठ्यपुस्तकात गेली की मूळ निबंधाचे नाव घेण्याची गरज कोणाला वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही प्रक्रिया नेमकी ओळखली होती.

याच प्रयोगशाळेतला १९८२ चा आणखी एक निबंध अधिक लक्ष देण्याजोगा आहे. त्याचे पहिले लेखक लक्ष्मीचरण पाढी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी त्यांचे नाव जोडलेले आहे. उंदरांच्या चेतापेशींच्या अर्बुदांतील डीएनए त्यांनी निरोगी पेशींत घातला. त्या पेशी टोचलेल्या उंदरांच्या रक्तद्रवात, पेशीतल्या एका मोठ्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे मिळाली. त्यामागच्या जनुकाला ‘न्यू’ हे नाव मिळाले. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असते, म्हणजे औषधाला बाहेरून गाठता येण्याजोगे. मार्क ग्रीन यांच्या गटाने १९८५ मध्ये प्रतिपिंड देऊन अशा पेशींचे कर्करोगी वर्तन मागे फिरवून दाखवले. त्या निबंधावर वाइनबर्ग यांचेही नाव आहे. त्याच जनुकाचे मानवी रूप म्हणजे हर-२. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅबला (हर्सेप्टिन) १९९८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, ती याच प्रथिनाला लक्ष्य करणारे प्रतिपिंड म्हणून. हे औषध घेऊन बऱ्या झालेल्या स्त्रियांची नोंद कुठल्याही उद्धरणसूचीत नसते.

उद्धरणसूचीची पद्धत युजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेल्या एच-निर्देशांकानुसार, किमान पन्नास उद्धरणे असलेले पन्नास निबंध असतील तर निर्देशांक पन्नास. या मापात ‘हॉलमार्क्स’ची भर केवळ दोन निबंधांची, एकूण बेरजेत मात्र तेच लेख इतर सर्वांवर सावली धरतात. त्यामुळे वाइनबर्ग यांच्या बाबतीत दोन्ही मापे फसवी आहेत, एक या बाजूने तर दुसरे त्या बाजूने.

वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेचा स्तनाच्या कर्करोगाच्या प्रसारावरील २००९ चा एक बहुचर्चित निबंध २०१५ मध्ये मागे घेण्यात आला. मधल्या वर्षांत त्याचा आधार घेणाऱ्यांच्या निबंधांत त्याचा हवाला अजूनही छापलेला आहे.